अत्तरवाल्याची चक्कर

जुन्नरच्या आठवडे बाजारात एक अत्तरवाला बसायचा. गिऱ्हाइकाच्या मनगटावर काडी फिरवली की बाटली लगेच बंद करायचा. "आत्ता घेऊ नका, पावणं. बाजारात चक्कर मारा, घाम येऊ द्या, मंग हुंगा. वास ऱ्हायला तर घ्या." निम्मे लोक परत येत नसत. त्याला त्याचं काही वाटत नसे.

गुरुवारी तो मुर्शिदांकडे, म्हणजे आपल्या सूफी गुरूंकडे जायचा. एकदा तो माझ्या मनगटावर खसाचं अत्तर लावत असताना मी मुद्दाम विचारलं, "गुरू करतानाही चक्कर मारली होती का?"

"लई वर्षं मारली. मंग हातात हात दिला. आता भरवसा हाय, म्हणून तर जे पटत न्हाई ते त्यांनाच इचारतो. परक्याला कोण इचारतंय?"

माझा भाऊ गेला तेव्हा आमच्या विहारातले भंतेजी म्हणाले होते, दुःखाचं मूळ आसक्तीत असतं. ते मला लागलं होतं. काही न बोलता मी विहारात जाणंच सोडलं होतं.

अत्तरवाल्याशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी विहारात गेलो. भंतेजी अंगण झाडत होते.

"भावावर माया केली, ते चुकलं का?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसून माझ्यासाठी जागा केली. मी शेजारी बसलो. मनगटावर खसाचा वास अजून होता.