कोळशाचं छत

"दोन सीम लागल्या साहेब, दोन!" ड्रिलर दादा फोनवर ओरडून सांगत होते. मशीन बंद होतं, पण दिवसभर त्याच्या आवाजावर ओरडायची सवय. "वर कोळसा, खाली कोळसा, मधात दगड. येतानी पेढे घेऊन येजा!"

मी तुरीच्या कडेला कोरबॉक्सपुढे उकिडवी बसले होते. वडनेरजवळच्या या वावरात कोळशाचा शोध चालू होता आणि ही माझी पहिली नोकरी. बोअरमधून दगडाच्या गोल कांड्या निघतात, तो कोर. नळी एका खेपेला जेवढा कोर वर आणते, तो एक रन. तो खाचांच्या पेटीत, म्हणजे कोरबॉक्समध्ये, पुस्तकातल्या ओळींसारखा मांडतात: वरचा दगड आधी, खालचा नंतर. पेटी वाचून कुठे काय लागलं ते लिहायचं, हे माझं काम.

हे सगळे शब्द मी इंग्रजीत, व्याख्येसकट पाठ केले होते. इथे ते वेगळेच वाटायचे. कोळशाच्या थराला सीम म्हणतात, त्याच्या वरच्या खडकाला रूफ, खालच्याला फ्लोर. दादा म्हणायचे, "छत लागलं, आता घर येते." तेव्हापासून मला जमिनीखालचं ते अंधारं घर दिसायचं आणि आपण छताला भोक पाडून आत डोकावतोय असं वाटायचं. हे कुणाला सांगितलं नाही. तशी मी काहीच सांगत नसे. "भाजीत मीठ कमी हाये, हे बी मॅडम लिहूनच देतीन," असं हेल्पर काका एकदा म्हणाले होते. मी हसले, झालं.

साहेब नागपूरहून निघाले होते. दोन सीम असतील तर पुढचं बोअर इथंच शेजारी घ्यायचं, एकच असेल तर ठरल्याप्रमाणे नाल्यापलीकडे. ते माझ्या नोंदीवर ठरणार होतं.

पेटीत पांढुरक्या वालुकाश्माचा रन संपत होता. पुढच्या रनमध्ये आधी कोळसा, मग वालुकाश्म. त्याच्याही पुढच्या रनमध्ये परत कोळसा. दोन सीम, दिसत तर होत्या.

कोर बिस्किटासारखा वाकडातिकडा तुटतो, म्हणून एका रनचं टोक पुढच्या रनच्या टोकात बसतं. ते जुळवून बघायला मला आवडायचं. कोळशाचं टोक चुरलं होतं, त्याचा भरवसा नव्हता. मग मी सहज, नुसतं बघावं म्हणून, मधल्या रनच्या शेवटची वालुकाश्माची कांडी उचलली, फिरवली आणि आधीच्या रनच्या टोकाला लावली. ती घट्ट बसली. फट दिसेना.

नळी रिकामी करताना खालचं टोक आधी बाहेर येतं. ते शेवटी मांडायचं असतं. सकाळी हा रन निघाला तेव्हा वावराच्या मालकीणबाई हुरडा घेऊन आल्या होत्या. दादा एका हातानं हुरडा खात, त्यांच्याशी बोलत कांड्या मांडत होते. जशा निघाल्या तशाच मांडल्या गेल्या. रन फिरवला की त्याचा कोळसा थेट खालच्या कोळशाला जाऊन मिळत होता.

"काय मॅडम, जोडजोड खेळून राह्यल्या का?" दादा मागे येऊन उभे राहिले. "फोटो काढा, फोटो! दोन सीम रोज नाई भेटत."

हेल्पर काका हसले. मीही हसणार होते. गप्प राहून नोंद बरोबर लिहिली, तर साहेब ती सगळ्यांसमोर वाचतील आणि दादा पेढ्यांची वाट बघत उभे असतील. दादांसारखी लिहिली, तर मशीन भलत्याच जागी जाईल.

रस्त्यावर जीपची धूळ दिसू लागली. कांडी अजून माझ्या हातात होती. मी ती दादांपुढे धरली.

"दादा, हा रन उलटा भरला गेलाय. सीम एकच हाये."