पाचवा फाउल

आनंद नगरच्या शंकर फिटरची मुलगी शमिका सतरा वर्षांची आहे. उंच, सावळी, कमी बोलणारी. कॉलनीमागच्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल खेळत ती वाढली. त्या कोर्टावर गवत कुठल्या भेगेत उगवतं आणि चेंडूचा टप्पा कुठे चुकतो, हे ती डोळे मिटून सांगेल. चार वर्षं ती संघाची कर्णधार. 'आनंद नगरची पोरगी' म्हटलं की लोकांना तिचाच चेहरा आठवायचा.

मग जुलैत नागपूरहून बदलून आलेल्या एका इंजिनियरची सुप्रिया कोर्टावर आली. पंधरा वर्षांची, हसरी. पहिल्याच दिवशी ती उजवीकडे झुकली, मासोळीसारखी डावीकडे वळली आणि चेंडू रिंगमध्ये टाकून मोकळी झाली. संघाला शिकवणाऱ्या नीळकंठ सरांच्या तोंडून निघालं, "वा!"

एवढंसं अक्षर. चार वर्षांत शमिकाच्या वाट्याला ते आलं नव्हतं. कुसळासारखं ते तिच्या आत रुतलं. दिसायचं नाही, पण हललं की टोचायचं. संघातच खेळणारी धाकटी बहीण मधुरा सुप्रियासारखी वेणी घालायला लागली, टोचलं. सुप्रिया घरी येऊन दोनदा पोहे मागून खाऊन गेली आणि आई म्हणाली, "किती मोकळी पोर गं!" टोचलं.

सरांच्या कोर्टावर एक जुनी रीत आहे. फाउल ज्याच्या हातून होईल, त्याने आपणहून हात वर करायचा. बाकी कोणी आता तसं करत नाही, सरांनी मात्र ते सोडलेलं नाही. ही रीत नव्या मुलीला शिकवायचं काम कर्णधाराकडे आलं.

"हात वर कर, नाही तर दहा चक्कर," शमिका दरडावायची.

सुप्रिया इतकी शिकली, की कुणाचा खांदा घासला तरी तिचा हात वर.

"हवा लागली तरी उठवतेस का गं?" मुली हसायच्या.

नोव्हेंबरात टी. टी. नगरच्या स्टेडियमवर अरेरा कॉलनीच्या मुलींशी अंतिम सामना होता. राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं समोरच बसली होती. शमिकाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. आज दिसली तर दिसली.

दोन मिनिटं उरली तेव्हा आनंद नगर एका गुणाने मागे होतं. शमिकाचे चार फाउल झाले होते, सुप्रियाचेही चार. पाचवा झाला की बाहेर. अरेराची एक मुलगी चेंडू घेऊन घुसली, दोघी एकदमच तिच्यावर झेपावल्या, आणि शमिकाचा पंजा तिच्या मनगटावर फाडकन बसला. शिट्टी वाजली. पंच कुणाचं नाव घ्यावं या विचारात असतानाच सुप्रियाचा हात वर गेला. तिला वाटलं, आपलाच लागला.

पंचाने तिला बाहेर जायची खूण केली.

शमिकाला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगावं? उरलेली दोन मिनिटं आता तिची एकटीची होती. पण सुप्रिया बाकाकडे निघाली तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "शाब्बास."

ते मात्र शमिकाला सोसवेना. फाउल माझा आणि शाब्बासकी हिला?

ती ताडताड पंचाकडे गेली. "सर, फाउल मेरा है."

"हाथ तो उसने उठाया."

"उसकी आदत है, हवा लगे तो भी उठाती है. उस लड़की की कलाई देखिए, मेरा पंजा छपा होगा."

अरेराच्या मुलीने लाल मनगट पुढे केलं. पंचाने फाउल बदलला. सुप्रिया आत आली, शमिका बाकावर बसली आणि सरांच्या 'शाब्बास'ची वाट पाहू लागली. पण सर घड्याळाकडे बघत होते.

अरेराच्या मुलीचे दोन्ही फ्रीथ्रो हुकले. शेवटच्या काही सेकंदांत चेंडू सुप्रियाकडे आला. अरेराच्या दोघींनी तिला घेरलं. कोपऱ्यात मधुरा एकटी उभी होती. मधुराचे हात कच्चे, म्हणून शमिकाने तिकडे कधी चेंडू टाकला नव्हता. सुप्रियाने टाकला. मधुराने डोळे मिटल्यासारखा फेकला, आणि तो रिंगभोवती फिरून आत पडला.

शमिका ओरडतच उभी राहिली. ओरडता ओरडताच तिला कळलं, आपण हा पास दिला नसता. कुसळ पुन्हा हललं.

मुली मधुराला उचलून नाचवत होत्या. सुप्रिया धापा टाकत बाकापाशी आली. "शमिकाताई, मला वाचवायला खोटं बोललीस ना?"

"तुला? पागल आहेस का! माझा फाउल होता, तू कशाला घेतेस?"

"मग माझ्यावर रागावलीयस?"

"हो. जुलैपासून."

सुप्रिया बावरली, मग हसू लागली. शमिका हसली नाही. बुटाची नाडी सोडत म्हणाली, "उजवीकडे झुकून डावीकडे निघतेस ना, ते शिकव मला."

"उद्या सहाला येऊ?"

"ये तू सहाला. मी साडेपाचलाच येणार."