मराची माती

शेजारचे भाऊ लातूरजवळ तुरीच्या संशोधनात आहेत. उभी तूर वाळवणाऱ्या मर रोगाची माती त्यांनी एका वावरात मुद्दाम जपलीय. तिच्यात तुरीची नवी वाणं पेरायची आणि कोणतं तगतं ते बघायचं. वाळलेल्या रोपाला ते 'मेलं' म्हणत नाहीत, 'थकलं' म्हणतात.

तिथं तगलेलं एक वाण यंदा आमच्या रेणापूरच्या शेतात फुलाला आलं. दाखवायला मी भाऊंना नेलं. बांधावर चपला काढून त्यांनी पाय धुतले आणि तिथंच उभे राहिले.

"आत या की," मी म्हणाले.

"नको ताई. मी रोज मराच्या मातीतून येतो. पायाला कुठं चिकटलेली असंल तर?"

"मग एक फांदी तोडून आणू?"

"न्हाई, न्हाई! फुलात हाय ती."

बराच वेळ ते बांधावरूनच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरी नांदायलीय की पोर."