न बघता पाठ

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या मुलींच्या मदरशात मराठी शिकवायला लागले, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मुलाने तर विचारलं, तिथं तुझं काय काम? मी म्हटलं, बोलावलंय म्हणून चाललेय की. मदरसा चालवणाऱ्या मोठ्या आपा स्वतः घरी आल्या होत्या. कुराण पाठ करणाऱ्या मुलींना बाहेरून दहावीला बसवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि मराठीपाशी सगळ्यांचं घोडं अडत होतं. हा मदरसा नसता तर यातल्या कितीतरी पोरी घरीच बसल्या असत्या, हे मला पुढे कळलं.

पहिल्या दिवशी तिथला गलका ऐकून माझं डोकंच उठलं. प्रत्येक मुलगी आपला सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, मागेपुढे डुलत मोठ्याने म्हणत होती. आपा एक ओळ म्हणणार, मुली ती उचलणार, पाठ झाली की डोळे मिटून म्हणून दाखवणार. पद्धतच ती.

वर्गात एक पोर होती, होटगीहून मामेबहिणीबरोबर बसने येणारी, ट्रक ड्रायव्हरची मुलगी. तिचं कौतुक करताना आपा थकायच्या नाहीत. पाहुणे आले की हिलाच उभं करायच्या आणि सांगायच्या, या मुलीला किताब बघावीच लागत नाही. नजर तर कायम जमिनीकडे. किती शालीन पोर, म्हणून सगळ्या तिचं उदाहरण द्यायच्या.

मराठीचाही तिने तसाच फडशा पाडला. बहिणीने धडा वाचला की हिचा पाठ. एकदा तर धडा म्हणता म्हणता खालचे शब्दार्थ आणि 'योग्य पर्याय निवडा'सुद्धा म्हणून मोकळी झाली. मला हसूही आलं आणि रागही. अगं बाई, भाषा काय अशी शिकतात? मी न शिकवलेला धडा तिच्यापुढे उघडला आणि वाच म्हटलं. ती गप्प. पुन्हा सांगितलं, तरी गप्प. माझा पारा चढला. फळ्यावर ठसठशीत अक्षरात 'आई' लिहिलं आणि हे तरी वाच म्हणाले. तिने फळ्याकडे बघितलंच नाही. मान तिरकी करून बहिणीकडे कान लावून उभी राहिली.

जवळ जाऊन मी तिची हनुवटी वर उचलली. दोन्ही बाहुल्यांवर पांढुरकी साय धरली होती. मी आपांना हाक मारली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपांवर आणि माझ्यावर भडकल्याच. मोतीबिंदू जन्मापासूनचा आहे, इतकी वर्षं काय करत होता, म्हणाल्या. डाव्या डोळ्याची वेळ निघून गेली. उजव्याचं ऑपरेशन करू, पण किती दिसेल ते आताच सांगता येणार नाही. इतकी माणसं रोज हिला बघतात, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये? मला पटतच नव्हतं. मी पोरीला विचारलं, तू का नाही बोललीस गं?

"सगळ्या म्हणायच्या, हिला बघावं लागत नाही. मग दिसत नाही असं कसं सांगू, मॅडम?"

आपा ओढणीत तोंड लपवून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सबक बंद ठेवला. एका पुठ्ठ्यावर मोठी-बारीक उर्दू अक्षरं लिहिली, तो धरून अंगणाच्या एका टोकाला उभ्या राहिल्या आणि मुलींची रांग दुसऱ्या टोकाला लावली. मी मुलींजवळ थांबले. एकेक मुलगी अक्षरं वाचून बाजूला होत होती. कुणी अडेना, तसा माझा जीव भांड्यात पडायला लागला. शेवटी सगळ्यात धाकटी राहिली. तिचं पाठांतर नुकतंच सुरू झालं होतं आणि ही सगळ्यांच्या पुढे जाईल असं आपा म्हणायच्या. तिने वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हटली, एकही न चुकता.

आपांचा चेहरा उतरला. त्यांनी पुठ्ठा फिरवला आणि मागची कोरी बाजू आमच्याकडे केली.

"आता पुन्हा वाच, बेटा."

पोर मागेपुढे डुलायला लागली, आणि तीच अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा म्हणू लागली.