मारुतीचे वार आणि काकांची मान

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. माझे काका रेल्वेच्या मालगोदामातून निवृत्त होऊन गुढियारीत राहत आणि संध्याकाळी दोन पेग घेत. मारुतीचे वार तेवढे पाळत. मराठी घर म्हणून शनिवार, छत्तीसगडात राहतो म्हणून मंगळवारही. दारू सुटावी म्हणून काकूंनी त्याच मारुतीला नवस बोलला होता.

त्या उन्हाळ्यात पहिल्या घोटानंतर थोड्याच वेळात काकांची मान डावीकडून ठणकू लागली. काकांनी आधी उशी बदलली, मग ब्रँड. काकू मात्र खूश होत्या.

"पावला मारुती! आता काहून बोंबलून राहिले?"

हाडांच्या डॉक्टरांनी गळपट्टा दिला. तो लावून काका पीत आणि कण्हत. शेवटी मी दोघांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. दारूचं नाव काढायचं नाही, हे दोघांनी रिक्षातच ठरवलं होतं.

"दर्द कब होता है?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाम को."

"रोज़?"

"मंगल और शनि छोड़ के."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वार पाळणारं दुखणं त्यांनी पाहिलं नसावं. काका छताकडे पाहू लागले. काकूंना राहवलं नाही.

"त्या दिवशी हे घेत नाहीत ना! मारुतीचे वार आहेत."

मग सगळंच बाहेर आलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गळपट्टा काढून मान चाचपली. गळ्याजवळच्या डाव्या हाडाच्या वर सुपारीएवढी गाठ होती. तुकडा तपासायला गेला आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. दारू घेतल्यावर गाठ दुखणं हे या आजाराचं दुर्मीळ लक्षण आहे, पण वेळेवर कळला तर तो बहुतेकदा बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर येताच काकू काकांना म्हणाल्या, "मी दारूसाठी मागितलं होतं जी. त्यानं तुम्हालेच वाचवलं."

उपचारांत केस गेले, दारू सुटली. पुढे तपासण्या स्वच्छ आल्या, केसही परतले. काकूंचा मात्र रिपोर्टवर विश्वास नव्हता. होळीच्या दिवशी त्यांनीच शेजाऱ्याकडून अर्धा पेग मागून आणला.

"घ्या एक घोट."

काकांनी घाबरत घेतला. काकू त्यांच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसल्या.

"दुखून राहिलं का?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"नाही ना, बाई."

काकूंनी डोळे पुसले आणि ग्लास उचलून मोरीत ओतला.