आधी पुसायचं, मग बघायचं

मुलीने ‘जाणार’ म्हणणं सोडून दिलं होतं, आणि तेच आईच्या मनात घर करून बसलं होतं. पूर्वी भांडी विसळताना, केस विंचरताना, कधीही ती म्हणायची, “गाडी झाली की मी जाणार.” हल्ली नुसतं “गाडी झाली की” म्हणायची आणि पुढचं गिळून टाकायची. चौतिसाव्या वर्षी माणसाने वाक्यं गिळायला लागावं, हे काही आईला बरं लक्षण वाटत नव्हतं.

घरात मुलीला खारूताई म्हणत. लहानपणी वडिलांच्या खिशातून पडलेले स्क्रू आणि स्प्रिंगा गोळा करून ती उशीखाली दडवायची, म्हणून. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. काटा केसभर हलला तरी त्यांची झोप उडायची. त्यांचा मंत्र एकच, आधी पुसायचं, मग बघायचं. काटा बिघडलाय म्हणून कुणी आला की ते पाना बाजूला ठेवून फडका घ्यायचे, आणि निम्मे काटे त्या फडक्यानेच ताळ्यावर यायचे. “धूळ होती, आजार नव्हता,” म्हणत गिऱ्हाइकाची बोळवण करायचे. मोठी झाल्यावर खारूताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली, तीही बापासारखीच. जेवायला बसली की आधी ताट पुसायची. आई म्हणायची, “धुतलंय गं बाई मी ते.” “असेल,” म्हणायची आणि पुसायचीच.

वडील काम थांबवून घरी बसले त्या सुमारास एका जुन्या गिऱ्हाइकाने गोदाम रिकामं करताना ती गाडी त्यांना देऊन टाकली. बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची, पळवायला बनवलेली. पण पळायची सोय राहिली नव्हती. सीटांच्या आत उंदरांनी संसार मांडला होता आणि तळाच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “सीटा दोनच? मग मी कुठे बसू, डिकीत?”

“तू चहा आण,” बापलेक एका सुरात म्हणाले. तेव्हा तिघंही हसली होती.

त्या वेळी खारूताईच्या मैत्रिणींची लग्नं होत होती. आता त्यांची मुलं शाळेत जात होती आणि गाडी अजून त्याच गॅरेजमध्ये होती. गॅरेज इतकं चिंचोळं की भिंत आणि गाडी यांच्यामधून जायचं तर पोट आत घ्यावं लागे. वर हाताला लागेल असा पत्रा. उघड्या टपाच्या त्या गाडीने इथे आल्यापासून आभाळ म्हणून पाहिलं नव्हतं. दुकानातून आली की खारूताई वडिलांचा जुना निळा शर्ट चढवून आत शिरायची, ती जेवणाची हाक आली की बाहेर. दोघांनी रंगाचे थर खरवडून खालचा मूळचा गर्द हिरवा शोधून काढला. चाकाची एकेक तार घासली. इंजिन तर कधीच सुरू झालं होतं. उरलं होतं फक्त घडीचं कापडी छत. कोपऱ्यावरच्या छतवाल्याने कापड आणून ठेवलं होतं. त्याने येऊन माप घ्यायचं, शिवायचं, चढवायचं, की झालं. पण छत चढलं की सीटांमागचा पत्रा त्याच्या कडेखाली कायमचा झाकला जाणार, म्हणून दर वेळी तो पत्रा ‘एकदा शेवटचा’ बघायचा असे. आणि दर वेळी काहीतरी निघे. घोंगडं भिजतच राही.

या वेळी मात्र घाई होती. दुसऱ्या शहरात दुर्बिणीच्या काचा घडवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी खारूताईला पूर्वीही आपल्याकडे कामाला बोलावलं होतं. या खेपेला त्यांचा निरोप आला होता की या आठवड्यात हो की नाही ते कळव, नाहीतर मी दुसरी बघते.

त्या संध्याकाळी आई चहाचे कप न्यायला गॅरेजच्या दारात आली, तेव्हा दोघंही सीटांमागे वाकली होती. पत्र्यावर नखाएवढा तपकिरी डाग होता.

“गंज,” वडील म्हणाले.

“गंजच दिसतोय,” खारूताई म्हणाली.

“आतून आला असेल.”

“मग उघडावा लागेल.”

“पूर्ण?”

“अर्धा कसा उघडणार, बाबा?”

कुणाच्याच आवाजात चिडचिड नव्हती. दवाखान्यात नंबर लागावा तशी दोघं उठली आणि हात धुवायला गेली.

आईने नवऱ्याला मोरीपाशी गाठलं. “अहो, खरंच उघडायचाय तुम्हाला तो पत्रा?”

“मला?” ते साबण चोळत म्हणाले. “माझे गुडघे खाली बसले की वर येत नाहीत. पण पोरीचा जीव आहे त्या गाडीत. मी पुरे म्हटलं तर तिला काय वाटेल?”

मग आई मुलीच्या खोलीत गेली. खारूताई नखांतली काळी घाण टोकरत बसली होती.

“त्या बाईंना काय कळवलंस?”

“गाडी झाली की…”

“पुढे?”

“पुढे काय, आई? मी गेले तर बाबा दिवसभर काय करतील? भिंतीकडे बघत बसतील.”

“अगं, तेच म्हणतायत की गुडघे दुखतात, तुझ्यासाठी करतोय.”

“ते तसंच म्हणणार. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.”

आईने हे जाऊन नवऱ्याला सांगितलं. ते टॉवेल वाळत घालत शांतपणे म्हणाले, “ती तसंच म्हणणार. स्वभाव आहे तिचा.”

आईला वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं. पण आपटायला तरी भिंत मोकळी हवी. सगळ्या भिंतींना गाडीचे जुने, बदललेले भाग टेकलेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ऐकलं होतं. इथे कुणीच चावत नव्हतं, कुणीच पळत नव्हतं, आणि तरी दोघांच्या मुठी सुटत नव्हत्या.

कप तसेच राहिले होते. ती परत गॅरेजमध्ये गेली, पोट आत घेऊन भिंतीला घासत सीटांपर्यंत पोचली. दोन्ही कप रोजच्या जागी, सीटांमागच्या पत्र्यावर. तिने एक उचलला. त्याच्या बुडाशी चहाचा ओघळ वाळला होता. शेजारीच तो डाग होता. तोच रंग.

इतक्या वर्षांत तिने त्या गाडीला बोट लावलं नव्हतं. तिने खांद्यावरचा ओला फडका घेतला आणि डागावरून एकदा फिरवला. खालून स्वच्छ हिरवा रंग वर आला.

केसभर फरकाने ज्याची झोप उडायची तो माणूस, आणि धुतलेलं ताट पुसून घेणारी त्याची मुलगी, दोघांनी मिळून चहाच्या थेंबाला गंज म्हटलं होतं. फडका दोघांच्याही खांद्यावर होता. एकानेही पुसलं नव्हतं.

सांगून उपयोग नव्हता. सांगितलं तर दोघं मान हलवतील, बरं झालं म्हणतील, आणि उद्या दुसरा डाग सापडेल. चहा तर रोजच होतो या घरात.

बाहेरच्या खोलीत नवरा आणि मुलगी जेवणाची वाट बघत बसली होती. पत्रा कुठून उघडायचा याचं त्यांचं हळू आवाजात चाललं होतं. कोपऱ्यावरचं दुकान अजून बंद झालेलं नव्हतं. आईने कप ओट्यावर ठेवले, फोन घेतला आणि छतवाल्याचा नंबर काढला. काय बोलायचं तेही ठरवलं. उद्या सकाळीच कापड घेऊन या. माप घ्या आणि शिवायला लागा. घरातले दोघं नको म्हणतील, नवा एखादा डाग दाखवतील. तुम्ही आधी तो पुसा, आणि कुणी बोलावलं असं विचारलंच तर सांगा, घरातल्या तिसरीने.