तोपवाली ओरडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसले असताना अगदी ओठांवर आलं होतं, पण मी तिला पाणी पाजायचं निमित्त केलं आणि ते परत गिळलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसाकडे बघून हे बोलायला जी छाती लागते ती माझ्यात नाही — कधीच नव्हती.

आधी भाऊबद्दल सांगू द्या. त्याच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

भाऊ माझा थोरला भाऊ. वडील गेले आणि तो शिरपूरकडचं आमचं गाव सोडून सुरतेला आला, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागला. धड मिशी फुटलेली नव्हती त्याला तेव्हा. आई गावीच राहिली. मला मात्र पुढे त्यानं शिकायला म्हणून इकडे आणलं. नवागामात पत्र्याची एक खोली. सकाळी तो भाकरी बांधून जायचा, मी शाळेतून आल्यावर शेजारणींबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायची. शाळा संपली तरी ते काम सुटलं नाही. बाप म्हणा, भाऊ म्हणा, मला सुरतेत तोच एक होता.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आवाज असा असतो की शेजारच्या माणसाशीही हातांनीच बोलावं लागतं. धागा तुटला, मालक आला, चहाला चल — सगळ्याच्या खुणा. त्या आवाजात राहून राहून भाऊचे कान गेले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, मग मी.

पण बहिरा झाला म्हणून त्याचं काही अडत नव्हतं, हे मला इथं सांगायलाच हवं. मी फरशीवर पाय आपटला की तो वळायचा. दारात कुणी आलं की उजेड हलतो, तेवढ्यानं त्याला कळायचं. रस्त्यात तो सारखा मागे बघत चालायचा. खात्यातल्या सगळ्या खुणा मलाही येत होत्या, आमचं अर्धं घर हातांवर चालायचं. त्याला बोलवायचं तर हाक मारायची गरजच नसायची. समोर जाऊन उभं राहिलं की झालं.

समोर जाऊन उभं राहायचं. एवढंच होतं.

त्या दिवशी खातं बंद होतं. थंडीचे दिवस. भाऊ म्हणाला, चल, दर्यावर जाऊ. बसनं आणि पुढे शटल रिक्षानं आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. आमच्या बाजूचा किनारा म्हणजे नुसता गाळ आणि सपाटी, पण तिथं एक खडकाचं नाक समुद्रात घुसलंय आणि त्याच्यावर लढाईच्या काळातली काँक्रीटची खोली आहे. गोऱ्यांनी जपान्यांच्या भीतीनं बांधली म्हणतात. समुद्राकडे तोंड केलेल्या आडव्या फटी, जमिनीत रुतलेलं गंजकं लोखंडी कडं, छपरावर चढायला तुटक्या पायऱ्या. गावातले लोक तिला तोपवाली ओरडी म्हणतात. गुजरातीत तोप म्हणजे तोफ, ओरडी म्हणजे खोली. तिथं तोप कधी होती की नव्हती, कुणालाच ठाऊक नाही.

ओहोटी लागली की किनाऱ्यावरून तिथं चालत जाता येतं. फार लांब नाही. वाटेत एक उथळ खाडी लागते, घोट्याएवढं पाणी असतं. भाऊनं चपला हातात घेतल्या होत्या. खूप खूश होता. वाऱ्यात माझं बोलणं मलाच ऐकू येईना, तर तो हसून म्हणाला, "आते तू बी बहिरी!" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो नेहमीच मोठ्यानं बोलायचा.

आणि मग चालता चालताच त्यानं विचारलं, "सुनी, मंगल तुले आवडनी का?"

मंगल कामरेजला राहायची. मूळची आमच्याच भागातली. नवरा वारलेला, पदरात एक लहान मुलगी. साड्यांच्या पॅकिंगला यायची, तिथं त्यांची ओळख झाली. ती घरी येऊन गेली होती, जेवून गेली होती. हातांच्या खुणा शिकत होती. मला कळत नव्हतं असं नाही. पण भाऊनं तोंडानं विचारलं तेव्हा मी मनात घरातली जागा मोजू लागले. एक खोली. ती येणार, तिची मुलगी येणार. आणि मी? मी मान हलवली. हो, आवडली. त्याला मानच दिसली.

ओरडीपाशी आम्ही भाकरी खाल्ली. मग भाऊ पुढे गेला, नाकाच्या अगदी टोकाच्या खडकावर, आणि पाठ करून बसला. लांब हजिऱ्याच्या बाजूला जहाजं उभी होती, ती बघत होता. मी ओरडीच्या सावलीत बसून राहिले. रुसून बसले होते म्हणा. त्याला ते कळलं नव्हतं, याचा जास्त राग येत होता.

आमच्या खंभातच्या समुद्राची भरती कशी असते तुम्हाला माहीत आहे? समोरून येत नाही ती. मागून येते. तुम्ही लाटा बघत बसता आणि तुमच्या पाठीमागे खाडी भरलेली असते. मी सहज वळून पाहिलं तर आम्ही आलो ती वाट चकाकत होती. पाणी वाहत होतं — समुद्रातून जमिनीकडे, नदीसारखं.

आणि आता — थांबा, मला नीट सांगू द्या.

भाऊ माझ्यापासून लांब नव्हता. मधे शेवाळलेले खडक होते, कालवांच्या धारदार शिंपा होत्या, एवढंच. जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा आणि परत यायचं. पण जाण्यायेण्यात वेळ गेला असता. त्या वेळात खाडी आणखी भरली असती. मी भाऊकडे पाहिलं. त्याची पाठ, वाऱ्यानं फुगलेला सदरा. मग खाडीकडे पाहिलं. आणि मी पळाले.

हाक मारली नाही. हे मला सांगायचं आहे. एकदाही नाही. तोंडसुद्धा उघडलं नाही. खडा उचलून त्याच्या बाजूला फेकला असता तरी तो वळला असता. मी काही केलं नाही. मी कमरेएवढ्या पाण्यातून किनाऱ्याला लागले.

जाळी नीट करत बसलेल्या माणसांना बघितलं तेव्हा माझा आवाज फुटला. तेव्हा! मी गुजरातीत किंचाळत सुटले, माझा भाऊ बहिरा आहे, किती बूम मारल्या, किती हाका मारल्या, त्याला ऐकूच गेलं नाही. ते वाक्य कुठून आलं? मी ते जुळवलं नव्हतं. आयतं तोंडात आलं, आणि सगळ्यांनी ते लगेच खरं मानलं. का मानणार नाहीत?

तोवर भाऊला पाणी दिसलं होतं. तो मागे येऊन ओरडीच्या छपरावर चढला होता. एक म्हातारा म्हणाला, छपरावर पाणी जात नाही, पण आता या ओढीत होडी घातली तर खडकावर फुटेल, थांबायला लागेल. आम्ही थांबलो. पाणी त्या आडव्या फटींपर्यंत चढलं. छपरावर भाऊ उभा होता आणि किनाऱ्याकडे दोन्ही हात हलवून विचारत होता. खात्यातली खूण होती ती. तू ठीक आहेस ना?

मी हात वर करून सांगितलं, ठीक आहे.

दुपार कलल्यावर पाणी उतरलं आणि दोघं जण जाऊन त्याला घेऊन आले. तळपाय शिंपांनी फाटले होते, थंडीनं दात वाजत होते. म्हाताऱ्यानं त्याला खुणेनं सांगितलं होतं, बहीण फार ओरडत होती. भाऊ माझ्यापुढे आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"माले आयकूच उनं नही, माय. मनी चूक व्हयनी."

त्याला ऐकूच आलं नाही. त्याची चूक झाली. मी रडले. सगळ्यांना वाटलं, सुटकेनं रडतेय.

तुम्ही म्हणाल, भीतीनं माणूस काहीही करतो. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं. पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर बहुतेक कधीतरी भाऊला सांगूनही टाकलं असतं.

दर्यावरचं ऐकून पुढच्या आठवड्यात मंगल आली. तिचा भाऊ बरोबर होता. तो बाहेर ओट्यावर भाऊजवळ बसला. मंगल आत माझ्याजवळ आली. तिची मुलगी टिकल्यांच्या डब्याशी खेळत होती. मंगलनं आधी दार लोटलं.

"ताई, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही किती जवळ होतात त्यांच्या?"

"होते जवळच."

"आणि हाका मारल्या?"

"घसा बसेपर्यंत."

तिनं मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला तसं काही वाटत नाही हो त्यांच्या कानांचं. माझा भाऊ म्हणतो, उद्या पोरीनं हाक मारली आणि यांना कळलंच नाही तर? मी त्याला म्हटलं, ताईंना विचारते. त्या सोबत राहतात, त्यांना माहीत असेल." आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही सांगा, ताई. कळतं ना त्यांना?"

मला फक्त पाय आपटायचा होता. उठून ओट्यावर जायचं, पाय आपटायचा, भाऊ वळला असता, मंगलनं पाहिलं असतं. तिला तेवढंच हवं होतं. हो म्हणायला तिला माझ्याकडून एक शब्द हवा होता.

तेव्हा भरती नव्हती. जिवाची भीती नव्हती. भर दुपारी, आपल्या घरात, थंड डोक्यानं मी म्हणाले, "काय सांगू मंगलताई. मी एवढी ओरडले, तर नाहीच कळलं."

तिनं मुलीला उचललं. जाताना भाऊला तिनं एक खूण केली, नवीनच शिकलेली — येते. आली नाही.

भाऊनं कारण विचारलं नाही. ते आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटत होतं. त्यानं नुसतं कानाकडे बोट केलं आणि हात उलटा केला. त्यानंतर तो एकटा कुठं जाईनासा झाला. आधी मोठा रस्ता बिनधास्त ओलांडायचा, आता कुणीतरी बरोबर येईपर्यंत कडेला उभा राहायचा. स्वतःवरचा भरवसा त्यानं माझ्या शब्दावर सोडून दिला.

आणि ज्या खोलीसाठी मी हे केलं म्हणता येईल, तिथं मी तरी किती राहिले? थोड्याच वर्षांत माझं लग्न झालं. भाऊनंच जमवलं, भाऊनंच लावून दिलं. मी कतारगामला आले. तो तिथंच राहिला, एकटा. अजून तिथंच आहे. लूम सुटलं, आता साड्यांच्या घड्या घालतो. माझी मुलं आपसात गुजरातीत बोलतात. हातांच्या खुणा त्यांना येत नाहीत, मीही शिकवल्या नाहीत. नवरा माणूस चांगला आहे. तरी भरल्या घरात बसलेली असताना मला कधी कधी असं वाटतं की इथल्या कुणाला मी माहीतच नाही. तसं ते खरंच आहे.

मंगलचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही.

मी भाऊला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे, असंही म्हणत नाही.

रविवारी मी डबा घेऊन त्याच्याकडे जाते. कुणी नवीन शेजारी आला असला की भाऊ त्याला दर्याची गोष्ट सांगतो, हातवारे करून, मोठ्या आवाजात. त्यात तो माझी नक्कल करतो. त्यानं ते कधी पाहिलेलं नाही, पण इतक्या वर्षांत त्याच्या मनात ते पक्कं झालंय. दोन्ही हात तोंडाभोवती धरतो, मान मागे टाकतो, गळ्याच्या शिरा ताणून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो ओरडतो — "भाऊ! भाऊ रे!" — आणि मग माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, मनी बहीण.

शेजारी माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी डबा उघडते आणि वाढायला घेते.